हार्ड डिस्कला बॅड सेक्टर आलेत? आधी डेटा काढा, दुरुस्तीचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा. सेलूच्या एका फोटो स्टुडिओवाल्या भावाकडं २ टीबीची डेस्कटॉप हार्ड डिस्क आहे, त्यात मागच्या दोन-तीन सीझनची लग्नं भरलेली आहेत. एक ठरावीक फोल्डर उघडलं की कॉम्प्युटर मिनिटभर हँग होऊलालाय. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं, सी५ पुढं ६८ दाखवूलालं आणि ०५ पुढं शून्य. परभणीतल्या एकानं सांगितलं चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारा, दुसऱ्यानं सांगितलं लो लेव्हल फॉरमॅट मारा, सगळे सेक्टर रिपेअर होऊन डिस्क नव्यासारखी होती. आता यातलं काय करू?

भाऊ, दोन्हीपैकी काहीच करू नका, आत्ता तरी नाही. डिस्क अजून चालू असंल तर आधी सरळ शटडाऊन करा आणि मग बाकीचं वाचत बसा, कारण बिघडायला लागलेली डिस्क उगं चालू ठेवणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य फुकट घालवणं आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा वाचता न येणारा तुकडा, रिपेअर होतो हे डोक्यातून काढून टाका. तो एक तर पुसून पुन्हा लिहिला जातो नाहीतर त्याच्या जागी दुसरा दिला जातो, आणि दोन्हीमध्ये त्या जागेवर जे होतं ते जातं. म्हणून 'डिस्क दुरुस्त करा' आणि 'डेटा वाचवा' ही दोन वेगळी कामं आहेत, आणि क्रम चुकला की पहिलं काम दुसऱ्याला खातं. दुकानात येणाऱ्या निम्म्या केसेस अशाच असतात बघा, डिस्क मूळची एवढी वाईट नसती, पण चार जणांनी चार सॉफ्टवेअर चालवून ती आमच्याकडं आणलेली असती.

आता आत काय चाललंय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटंल. डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात, ७२०० आरपीएमची असंल तर सेकंदाला १२० वेळा फिरतात, आणि वाचणारं हेड त्या तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. केसाचा एक तुकडा त्या फटीच्या मानानं डोंगराएवढा होईल. तबकडीवर डेटा सेक्टरमध्ये लिहिलेला असतो, जुन्या डिस्कमध्ये ५१२ बाइटचा सेक्टर, २०११ च्या आसपासपासून बहुतेक नव्या डिस्कमध्ये आतून ४०९६ बाइटचा. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी ईसीसी नावाचा तपासणीचा कोड असतो. हेड सेक्टर वाचतं, ईसीसी लावून बघतं, थोडीफार चूक असंल तर डिस्क स्वतःच ती दुरुस्त करून गप डेटा देऊन टाकती, तुम्हाला कळतही नाही. चूक जास्त असंल तर पुन्हा वाचती. पुन्हा वाचायचं म्हणजे तबकडीचा एक पूर्ण फेरा, साधारण ८ मिलिसेकंद, ऐकायला काहीच नाही, पण डेस्कटॉपची डिस्क एकेका सेक्टरवर शेकडो वेळा हेड इकडंतिकडं सरकवून वाचायचा प्रयत्न करती आणि तोवर विंडोज तोंडाकडं बघत बसतं. तुमचं ते मिनिटभराचं हँग म्हणजे हे आहे. व्हायरस नाही, रॅम कमी पडूलाली असंही नाही.

एवढं करूनही सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क त्याला 'पेंडिंग' यादीत टाकती. म्हणजे निकाल राखून ठेवला. का, तर तिला माहीत नसतं की खराबी लिहिण्यात आहे का जागेतच आहे. समजा लिहिता लिहिता लाइट गेली, अर्धा सेक्टर नवा, अर्धा जुना, ईसीसी जुळत नाही, तर तबकडी चांगली आहे पण वाचताना बॅडच दिसणार. याला सॉफ्ट बॅड म्हणतात. आणि तबकडीवर खरंच ओरखडा आहे, लेयर गेलाय, हेड कमजोर झालंय, तर तो हार्ड. पेंडिंग सेक्टरवर जेव्हा कोणी नवीन काहीतरी लिहायला जातं तेव्हाच डिस्क निकाल देती: लिहिलेलं नीट वाचता आलं तर पेंडिंगमधून नाव कमी, नाही आलं तर कंपनीनं राखून ठेवलेल्या जागेतला एक सेक्टर त्याच्या नंबरावर चढवती. गट नंबर तोच, जमीन मात्र शिवाराच्या दुसऱ्या टोकाची, असं समजा. विंडोजला यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी सेक्टरचा नंबर जिथल्या तिथं आहे.

आता तुमचे आकडे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आयडी आणि रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) हे दोन्ही मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत असतात, हे लई जणांना माहीत नसतं आणि तिथंच घोळ होतो. सी५ म्हणजे १९७ नंबरचा ॲट्रिब्यूट, करंट पेंडिंग सेक्टर काउंट. आणि तिथलं ६८ म्हणजे अडुसष्ट नाही, सहा गुणिले सोळा अधिक आठ, म्हणजे १०४. ('फंक्शन' मेनूत 'ॲडव्हान्स्ड फीचर'मध्ये रॉ व्हॅल्यूज नेहमीच्या दशमान आकड्यांत दाखवायचा पर्याय आहे, तो करून ठेवा.) १०४ ला आठनं भाग जातो, हे बघा. तुमच्या डिस्कचा आतला सेक्टर ४०९६ बाइटचा, बाहेर ती विंडोजला ५१२ चे आठ करून दाखवती, त्यामुळं बऱ्याच ड्राइव्हमध्ये एक खरा सेक्टर गेला की आकडा आठानं वाढतो. म्हणजे तुमचे खरे अडकलेले सेक्टर तेराच्या आसपास असावेत. ०५ पुढं शून्य म्हणजे अजून एकही बदलला गेलेला नाही. हे चांगलं लक्षण आहे असं समजू नका, याचा अर्थ एवढाच की त्या जागांवर अजून कोणी लिहिलेलं नाही, निकाल बाकी आहे. सी६ बघा, तिथंही आकडा असंल तर डिस्कनं स्वतःच्या तपासणीतही तिथं हात टेकलेत. सी७ चं पुढं बोलतो. आणि सीगेटची डिस्क असंल तर ०१ आणि ०७ पुढं भलेमोठे आकडे दिसतात, त्यानं घाबरू नका, त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यात किती वाचलं तेही मिसळलेलं असतं.

म्हणून घाई कशाची ते सांगतो. गुगलनं २००७ साली त्यांच्याकडच्या १ लाखाहून जास्त ड्राइव्हचा अभ्यास छापला होता. त्यात असं दिसलं की स्कॅनमध्ये पहिला एरर आला की पुढच्या ६० दिवसांत ती ड्राइव्ह मरायची शक्यता एरर नसलेल्या ड्राइव्हच्या ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात उलटी बाजूही आहे, मेलेल्या ड्राइव्हपैकी ५६ टक्क्यांहून जास्त अशा होत्या की ज्यांच्यात स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवती त्या नोंदीच्या) चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे पिवळा दिसला तर खरंच पळा, आणि निळा 'गुड' दिसतोय म्हणून झोपू नका.

चेकडिस्क स्लॅश आर का नको? कारण त्याला तुमच्या फोटोंशी काही देणंघेणं नाही, त्याचं काम फाइल सिस्टिम नीट करणं. तो पूर्ण २ टीबीवरचा प्रत्येक क्लस्टर (सेक्टरांचा गठ्ठा) वाचायला लावतो, रिकामी जागासुद्धा, कमजोर हेडला रात्रभर दामटतो. वाचता येईना तो क्लस्टर खराब म्हणून नोंदवून टाकतो आणि फाइलमधला तेवढा तुकडा गेला. एखादा बॅड सेक्टर एमएफटीमध्ये, म्हणजे कोणती फाइल कुठं आहे त्या वहीतच पडला, तर तो खराब नोंदी उडवतो आणि मग फाउंड.००० नावाच्या फोल्डरात फाइल००००.सीएचके अशी बेनाव फाइलींची रास लागती, त्यात कोणाचं लग्न कुठलं ते शोधत बसा. आणि हे सगळं तो त्याच बिघडलेल्या डिस्कवर लिहितो, परत फिरायचा रस्ता नाही. चांगल्या डिस्कवर, लाइट जाऊन फाइल सिस्टिम बिघडली असंल तर चेकडिस्क उत्तमच आहे, मी रोज वापरतो. पेंडिंगवाल्या डिस्कवर, डेटाची दुसरी कॉपी नसताना, अजिबात नाही. कॉम्प्युटर सुरू होताना तो आपोआप चेक करायला लागला तर काही सेकंद वेळ देतो, कोणतंही बटण दाबून तो थांबवा. आणि 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असं आलं तर कॅन्सल.

लो लेव्हल फॉरमॅटचं तर नावच घेऊ नका. खरं लो लेव्हल फॉरमॅट आजकालच्या डिस्कला फक्त कारखान्यात होतं. बाजारात त्या नावानं फिरणारी जी सॉफ्टवेअरं आहेत ती सगळीकडं शून्य लिहितात, बास. शून्य लिहिलं की वर सांगितल्याप्रमाणं पेंडिंगचा निकाल लागतो, आकडा शून्य होतो, सॉफ्टवेअर हिरवं दाखवतं, माणूस खूश. फक्त लग्नं गेली. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटही शून्यच लिहितं, त्यामुळं 'क्विक'वरची टिक काढून केलेलं फॉरमॅट आणि ते फुकटचं लो लेव्हल यात व्यवहारात तसा फरक नाही. 'मॅग्नेटिक रिजनरेशन'चा दावा करणाऱ्या पेड सॉफ्टवेअरबद्दल माझं मत, पैसे वाचवा आणि त्यात नवी डिस्क घ्या.

मग करायचं काय. क्लोन. पूर्ण डिस्कची सेक्टर टू सेक्टर कॉपी, आणि तीही विंडोजच्या कॉपी पेस्टनं नाही. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं फुकट टूल आहे, लिनक्सवर चालतं, सिस्टिमरेस्क्यूच्या (पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्सच्या) पेनड्राइव्हमध्ये ते आधीच टाकलेलं मिळतं. लिनक्स म्हटलं की लोकं हात वर करतात, पण यात टाइप करायच्या मुख्य ओळी दोनच आहेत राव.

सामान असं लागंल: एक नवी डिस्क, २ टीबी किंवा जास्त, मी म्हणीन ४ टीबीच घ्या कारण २ टीबीला २ टीबी लावताना काही सेक्टर कमी निघाले की काम अडतं. एक पेनड्राइव्ह लिनक्सचा. आणि दुसरा पेनड्राइव्ह मॅपफाइलसाठी, हा विसरू नका. मॅपफाइल म्हणजे कुठवर वाचलं, कुठं अडलं, त्याची नोंद. लाइव्ह लिनक्स रॅममध्ये चालतं, लाइट गेली की त्यातलं सगळं गेलं, पण मॅपफाइल पेनड्राइव्हवर असंल तर लाइट आल्यावर तीच ओळ पुन्हा मारायची, जिथं थांबलं तिथून पुढं चालू. आपल्याकडं दुपारचं लाइटचं काय असतं ते सांगायला नको, तरी कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का ते आधी बघा. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून नका लावू, सरळ मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावा, नवी साटा केबल घेऊन.

लिनक्स चालू झालं की एलएसबीएलके ही कमांड मारा, त्यात साइझ, मॉडेल, सीरियल हे कॉलम मागवा, आणि कोणती जुनी कोणती नवी ते कागदावर लिहा. खरंच कागदावर. दोन्ही डिस्क एका कंपनीच्या असल्या की सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे स्टिकरशी जुळवून बघा. कारण डीडीरेस्क्यूमध्ये आधी स्रोत आणि नंतर ठिकाण असा क्रम असतो, तो उलटा पडला तर कोरी डिस्क तुमच्या लग्नांवर चढंल आणि मग माझ्याकडं येऊनही उपयोग नाही.

पहिली ओळ: डीडीरेस्क्यू, डॅश डी, डॅश एफ, डॅश एन, मग जुनी डिस्क, मग नवी डिस्क, मग मॅपफाइलचा पत्ता. 'एन' म्हणजे अडलेल्या जागी खरवडत बसू नको, पुढं चल. या टूलची खरी हुशारी इथं आहे. चेकडिस्क आणि विंडोजची कॉपी पहिल्या खड्ड्यातच अडकून डिस्कला दमवतात, हे मात्र एरर आला की उडी मारून पुढं जातं, चांगला भाग आधी सगळा उचलून घेतं आणि वाईट जागेकडं शेवटी वळतं. म्हणजे मधेच डिस्क मेली तरी बहुतेक डेटा हातात आलेला असतो. स्क्रीनवर 'रेस्क्यूड', 'बॅड-सेक्टर', 'करंट रेट' असं दिसत राहतं. चांगली डिस्क असती तर २ टीबीला चार-पाच तास लागले असते, तुमच्या केसमध्ये रात्रभर धरा, जास्तही लागू शकतं. पहिला फेरा संपला की दुसरी ओळ, तीच, फक्त 'एन' काढा आणि डॅश आर ३ लावा, म्हणजे उरलेल्या जागा तीन वेळा खरवडून बघंल. तेरा-चौदा सेक्टर आहेत, त्यातले बरेच यातही मिळून जातात.

स्पीड एकदम काही केबीवर आला आणि तिथंच बसला, किंवा डिस्क गरम व्हायला लागली, तर कंट्रोल सी मारून थांबवा, शटडाऊन करा, थंड होऊ द्या, पंखा तिच्यावर लावा आणि पुन्हा चालू करा. मॅपफाइल आहे, घाबरायचं कारण नाही.

लिनक्सला ज्यांना हातच लावायचा नाही त्यांच्यासाठी दुय्यम रस्ता पण सांगतो: विंडोजमध्ये रोबोकॉपी (विंडोजचीच कॉपी करायची कमांड), स्लॅश आर कोलन शून्य, स्लॅश डब्ल्यू कोलन शून्य. हे न लावता मारलं तर रोबोकॉपी एकेका अडलेल्या फाइलवर दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतं, प्रत्येक वेळी तीस सेकंद थांबून, मुळात त्याची सेटिंगच तशी आहे. आधी अजून गिऱ्हाइकाला न दिलेली लग्नं, मग अल्बमच्या पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली), जुनं दिलेलं काम सगळ्यात शेवटी. आणि ज्या फोल्डरवर हँग होतंय ते अगदी शेवटी, आधी तिथं गेलात तर बाकीचं घ्यायच्या आत डिस्क बसायची.

क्लोन झाला की जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मगच विंडोज चालू करा. दोन्ही एकदम लावल्या तर दोघींची सही (विंडोज डिस्क ज्यानं ओळखतं तो नंबर) एकच असल्यामुळं विंडोज एकीला ऑफलाइन करून टाकतं आणि लोकं समजतात क्लोन फसला. आता या नव्या डिस्कवर चेकडिस्क बिनधास्त चालवा, इथं ते चालतं कारण मूळ प्रत बाजूला सुरक्षित आहे. आधी कोणी जुन्या डिस्कवर स्लॅश आर मारलेलं असंल तर 'हे क्लस्टर खराब' ही नोंदही क्लोनबरोबर आलेली असती, नवी डिस्क ठणठणीत असून विंडोज तेवढी जागा खराब धरून बसतं. त्याला स्लॅश बी आहे, तो जुन्या खराब नोंदी पुन्हा तपासतो. याचं नाव फारसं कोणी घेत नाही.

पुढचा प्रश्न हमखास येतो, कोणते फोटो बिघडले ते हजारो फाइलींत कसं कळणार? डीडीरेस्क्यूला फिल मोड आहे. मॅपफाइलमध्ये ज्या जागा न वाचलेल्या म्हणून नोंदल्यात तेवढ्याच जागी नव्या डिस्कवर तुमच्या आवडीचा एखादा शब्द भरायचा, मग ज्या फाइलींमध्ये तो शब्द सापडतो त्याच बिघडलेल्या. चेकडिस्क चालवायच्या आधी करायचं हे. जेपीजीमध्ये एक सेक्टर गेला तर फोटो वरून चांगला दिसतो आणि एका रेषेपासून खाली करडा पट्टा नाहीतर रंग सरकलेले दिसतात. व्हिडिओत क्षणभर चौकोन-चौकोन येऊन पुढं नीट चालतो, गिऱ्हाइकाला कळतही नाही. टॅलीचा डेटा, झिप, डेटाबेस यांचं मात्र अवघड, एका सेक्टरपायी टॅलीतली अख्खी कंपनी उघडायची बंद होती. खत-बियाण्याच्या दुकानांतून असल्या डिस्क येतात तेव्हा आधी मी टॅलीच्या बॅकअपचं विचारतो, आणि बॅकअप असतो, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये! पार्टिशन वेगळं म्हणजे डिस्क वेगळी नाही हे किती वेळा सांगायचं. तुमच्याच धंद्यातला पीटर क्रॉग नावाचा अमेरिकन फोटोग्राफर आहे, ३-२-१ चा नियम त्याच्यामुळं लोकांत रुळला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. स्टुडिओवाल्यांनी निदान एक प्रत घरी आणि एक दुकानात एवढं तरी ठेवावं.

आता जुनी डिस्क. नवीवर दोन-चार दिवस काम करून सगळं मिळालं याची खात्री झाली की मगच तिच्यावर पूर्ण फॉरमॅट मारा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. सी५ शून्य झालं आणि ०५ पण शून्यच राहिलं, तर ते सेक्टर सॉफ्ट होते, लाइट जाण्यानं वगैरे आलेले. ०५ मध्ये थोडा आकडा आला आणि तिथंच राहिला तर डिस्क लंगडी आहे पण चालंल, गाणी, सिनेमे, सेटअप असलं काहीतरी ठेवायला. महिनाभर आठवड्याला एकदा आकडा लिहून ठेवा. वाढूलाला असंल तर भंगार. कितीही झालं तरी लग्नाची एकमेव प्रत तिच्यावर पुन्हा ठेवायची नाही. आणि 'खराब भाग सोडून पार्टिशन करून देतो' म्हणणारे भेटतील, ते तेवढ्यापुरतं चालतंही, पण तबकडीवरनं निघालेली धूळ आत फिरत असती, तिला पार्टिशनची हद्द कुठं माहीत.

वरचं काहीच करायचं नाही अशा केसेस पण आहेत. डिस्क पडलेली आहे, टक-टक आवाज करती, बायोसमध्ये मॉडेलऐवजी भलतंच नाव किंवा साइझ शून्य दाखवती, तर वीज बंद, हात बंद. हेड गेलेलं आहे, चालू ठेवलं तर तबकडीला ओरखडत बसंल. अशीला क्लीन रूम असलेल्या लॅबमध्येच न्यायचं, नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ, इकडच्यांना पुणं. पैसे लागतात, हे खरं. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून लोकं सांगूलालेत, त्यानं आत दव धरतं, नका करू. झाकण उघडून बघणं तर आपल्या इथल्या धुळीत बिलकूलच नाही. छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये काही कंपन्यांचा यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या सर्किटवरच असतो, साटा नसतोच, आणि काहींत डेटा आतूनच एनक्रिप्ट होतो, त्यामुळं केस फोडून साटाला लावू म्हणायच्या आधी चौकशी करा.

बॅड सेक्टर येतात कशानं? वय हे तर आहेच. पण आपल्याकडं तीन गोष्टी जास्त दिसतात. एक, लाइट. यूपीएस आहे पण बॅटरी मेलेली, त्यामुळं लाइट गेली की कॉम्प्युटर खाडकन बंद. कॅबिनेटबरोबर आलेला हलका एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असंल तर आणखी वाईट, व्होल्टेज खालीवर झालं की डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही. दोन, उन्हाळा. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची वरची मर्यादा ६० अंश लिहिलेली असती, बाहेर ४२-४३ आणि पत्र्याच्या दुकानात सीपीयू टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला असंल तर डिस्क पन्नाशी कधी गाठती कळत नाही. डिस्कसमोर एक पंखा बसवा, किरकोळ खर्च आहे. तीन, चालू सीपीयू हलवणं, पाय लागणं. लॅपटॉप झाकून बॅगेत टाकून मोटरसायकलवर, आणि तो झोपलेलाच नसतो.

सी७ चं राहिलं. सी७ म्हणजे केबलवरच्या चुका. तिथं आकडा मोठा आहे आणि ०५, सी५, सी६ सगळे शून्य आहेत, तर डिस्क बहुतेक चांगली आहे, साटा केबल ढिली किंवा गेलेली. केबल बदला. तो आकडा खाली कधीच येत नाही, वाढायचा थांबला म्हणजे काम झालं. हे न बघता चांगल्या डिस्क 'बॅड आहे' म्हणून बदललेल्या मी पाहिल्यात.

एसएसडीला यातलं बरंचसं लागू नाही. तिच्यात तबकडी नाही, खराब ब्लॉक ती आपलीआप बदलत राहती, पण मरती ती एकदम, आवाज न करता, आणि मग क्लोनला संधी मिळत नाही. विंडोज तिच्यावर ठेवा, लग्नं ठेवायची तर दुसरी प्रत हवीच.

शेवटी नव्या डिस्कचं. जुनी वॉरंटीत आहे का ते कंपनीच्या साइटवर सीरियल टाकून बघा, असंल तर बदलून मिळंल, फक्त डेटा ते परत देत नाहीत, म्हणून आधी क्लोन. नवी घेताना लक्ष द्या, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या, पुसून-पुसून नव्या स्टिकरच्या डिस्क बाजारात स्वस्तात फिरूलालेत. घरी आणल्या आणल्या, काहीही कॉपी करायच्या आधी, क्रिस्टलडिस्कइन्फो लावा आणि ०९ बघा, पॉवर ऑन अवर्स, एखाद-दुसरा तास तिथं असला तर चालंल, दुकानदारानं लावून दाखवलेली असती. हा आकडा काही जण शून्य करून विकतात, म्हणून सीगेट असंल तर स्मार्टमॉनटूल्सच्या नव्या आवृत्तीतून तिचा फार्म नावाचा वेगळा लॉग पण वाचून बघा, दोन्हीकडचे तास जुळायला पाहिजेत. बाकी सगळ्यांना एकच, ०९ पुढं हेक्समध्ये ५ए२० असलं काही दिसलं तर ते २३०७२ तास होतात, दिवसरात्र चालून अडीच वर्षांच्या वर. दुकानदार सीलपॅक म्हणून देत असंल तर बिलासकट त्याच दिवशी परत करा.